मातीवाल्या बाई

नीलिमा सुर्वे यांना मी बातमीदारीच्या सात वर्षांत एकदाही कुठल्या मुलाला कडेवर घेताना पाहिलं नाही. रत्नागिरीतल्या एका बालविकास केंद्रात त्या वर्तनोपचार करत. दिवसभर आजूबाजूला मुलंच असत. मूल रडायला लागलं की त्या घड्याळ बघत, थांबलं की पुन्हा बघत आणि मधला वेळ वहीत लिहीत. पहिल्यांदा आलेल्या आईला ही बाई दगड वाटे. दुसऱ्या खेपेलाही वाटे. तिसऱ्या खेपेपर्यंत टिकलेल्या आया मात्र खोलीत शिरताना बाईंच्या तोंडाकडे न बघता वहीकडे बघत. काही कमी झालं असेल तर ते तिथेच कळायचं.

त्यांच्याकडे येणारी मुलं खाऊ नये ते खात. माती, खडू, कोळसा, भिंतीचे पोपडे, उशीतला कापूस, पुस्तकांचे कोपरे, चपलेचं रबर. डॉक्टरी पुस्तकांत या सवयीला एक नाव आहे. बाई ते सहसा उच्चारत नसत. म्हणत, "नाव सांगितलं की आईबाप नाव घेऊन घरी जातात. मूल इथेच राहतं." त्यांच्या दारावर त्यांच्या पदाची लांबलचक पाटी होती. ती कोणी वाचत नसे. गावागावांतून येणाऱ्या बायका शिपायाला विचारत, "मातीवाल्या बाई खंय बसतात?" शिपाई बोट दाखवी. बाईंना हे नाव ठाऊक होतं. एकदा मी विचारलं, तर म्हणाल्या, "पाटीपेक्षा बरं आहे. निदान काम कळतं."

त्या पोफळीच्या वीजगृहाच्या वसाहतीत वाढलेल्या. वडील तिथे पाळीवर असत आणि दर तासाला यंत्रांचे आकडे नोंदवहीत उतरवत. एका तासाची नोंद राहिली तर त्या तासात काय झालं ते जगात कोणाला सांगता येत नाही, असं ते जेवताना मुलींना सांगत. बाईंची वही त्याच घराण्यातली. सहा रकाने: वेळ, जागा, काय खाल्लं, जवळ कोण होतं, त्याच्या आधीच्या मिनिटात काय झालं, नंतर काय झालं. यातल्या पाचव्या रकान्यावर त्यांचा सगळा जीव. आईबाप तिसऱ्या रकान्याबद्दल बोलत राहत, बाई त्यांना पुन्हा पुन्हा पाचव्याकडे ओढत. "तोंडात काय गेलं ते मला दिसतंय. त्याच्या आधी काय झालं ते सांगा."

आईबाप खोटं बोलतात हे त्या गृहीत धरत. टेबलावर एक स्टीलचा ट्रे असे. त्यात मातीचं ढेकूळ, जांभ्या दगडाचा चुरा, कोळसा, खडू, थर्माकोल, सुतळी, गादीतला फोम. "आमचा नाय हो काय खात, शाळेतल्या बाईंनी उगीच पाठवलंनी," असं कोणी म्हटलं की त्या ट्रे पुढे सरकवत आणि खिडकीबाहेर बघत बसत. थोड्या वेळाने समोरून एक बोट पुढे येई.

संगमेश्वर तालुक्यातल्या एका गावातून एक सासू आणि सून तीन वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या होत्या, तेव्हा मी खोलीतच होतो. मुलाचा बाप मुंबईला. मूल अंगणातली माती खायचं. सासूचं निदान तयार होतं.

"हिचे डोहाळे पुरवायचे ऱ्हायले, त्याचं हाय ता."

"मग उपाय काय केलात?"

"बोटांना मिरची लावली."

"माती खायचं थांबला?"

"नाय. आता डोळं चोळत खातो."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी आधी रक्त तपासायला पाठवलं. हे त्यांचं पहिलं पाऊल कधी चुकत नसे. बरीच मुलं रक्त वाढलं आणि जंत गेले की आपोआप सुटतात. जी सुटत नाहीत ती माझी, असं त्या म्हणत. चिठ्ठी लिहिता लिहिता त्यांनी मान वर न करता सुनेला विचारलं, "आणि तुम्ही?" सुनेने पदराच्या टोकाची गाठ सोडली. आत चुलीत भाजलेल्या मातीचे चार तुकडे होते.

"अगो, माझ्या चुलीची माती!" सासू ओरडली.

बाईंनी दुसरी चिठ्ठी लिहिली आणि सासूकडे बघितलं. "तुम्ही?"

"आता नाय खात," सासू म्हणाली. "दात ऱ्हायले नाय."

तिघांचंही रक्त तपासलं गेलं. तिघांनाही गोळ्या मिळाल्या.

शिकलेल्या लोकांशी त्यांचं कमी जमे. एका माध्यमिक शिक्षकांचा मुलगा कागद खायचा. वर्तमानपत्र, वह्या, एकदा वडिलांनी तपासायला आणलेल्या उत्तरपत्रिकेचा कोपरा. बाईंनी आठवडाभर आईकडून वही भरून घेतली. पाचव्या रकान्यात जवळजवळ प्रत्येक ओळीत एकच होतं: बाबा फोनवर. कागद तोंडात गेला की बाबा फोन टाकून धावत. मुलाला एवढंच हवं होतं.

"म्हणजे दोष माझा म्हणता?" शिक्षकांनी विचारलं.

"दोष मी लिहीत नाही. वेळ लिहिते."

शिक्षकांनी वरिष्ठांकडे तक्रार केली. बाईंच्या फायलीतली ती पहिली तक्रार नव्हती. त्या कंत्राटी होत्या. दर मार्चमध्ये त्यांचं पत्र नव्याने निघायचं, आणि दर मार्चमध्ये कोणीतरी त्यांना सांगायचं की मॅडम, जरा गोड बोलत जा.

ओवी त्यांच्याकडे आली तेव्हा पाच वर्षांची होती. मिरकरवाडा या बंदरावरच्या मच्छीमार वस्तीतली. तिला बोलता येत नसे. ऐकू यायचं, कळायचं, पण शब्द नव्हते. बाप दीपक ट्रॉलरवर खलाशी, आई कोळंबी सोलायला जायची. पोर दिवसभर आजीजवळ. आजी, जनाबाई, बंदराजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये इतर सात-आठ बायकांबरोबर फाटलेली जाळी शिवायची. ओवी तिथे खाली पडलेले नायलॉनचे दोरे खायची.

माती पोटातून निघून जाते. नायलॉन जात नाही. त्याचा गोळा होतो, आणि दोरा ताणला गेला तर आतडं कापतो. ओवी एकदा उलट्या होऊन चार दिवस दवाखान्यात होती. त्या वेळी पोट न उघडता निभावलं. सर्जननी दीपकला स्पष्ट सांगितलं होतं: पुन्हा गोळा झाला तर पोट फाडावं लागेल, आणि उशीर झाला तर पोर हाताला लागणार नाही. दीपकने हे बाईंना सांगितलं तेव्हा त्याचा आवाज शांत होता. फक्त तो हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीला गाठी मारत होता आणि त्या सोडत होता.

रक्त तपासून झालं. लोह वाढवून झालं. दोरे थांबले नाहीत. तेव्हा बाई वही घेऊन शेडमध्ये गेल्या आणि एका उपड्या क्रेटवर बसल्या. अकरा दिवस बसल्या. कार्यालयाच्या वेळेत बाहेर जायला परवानगी लागते. ती त्यांनी तोंडी घेतली होती.

"बाई, नुसत्या बसून काय लिहितासा?" बायका विचारत.

"हजेरी घेतायत गो," जनाबाईंच्या शेजारची सुमन म्हणे. "कोण किती जांभया देतंय ता."

"बसलासाच तर ही बाजू तरी धरा."

बाई डाव्या हाताने जाळ्याची कड धरून उजव्या हाताने लिहीत. बाराव्या दिवशी त्यांनी जनाबाईंना समोर बसवलं. जनाबाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून बाईंनी पाचवा रकाना मोठ्याने वाचला. आजींनी दोरा दातांनी तोडला. सुमनने दोरा दातांनी तोडला. आजींनी दोरा ओठांत धरला. सुमनने दोरा दातांनी तोडला. पान उलटलं तरी तेच.

जाळी शिवणाऱ्यांची ती रीतच आहे. एका हातात जाळं, दुसऱ्या हातात सुई, तिसरा हात नसतो, म्हणून तोंड. गाठ मारली की दोरा दाताखाली धरायचा आणि झटक्यात तोडायचा. हे इतकं सवयीचं होतं की ओवीच्या आजाराबद्दल डॉक्टरांना, शेजाऱ्यांना, देवाला सगळं सांगणाऱ्या त्या घराने हे कोणालाच सांगितलं नव्हतं. त्यांना ते दिसतच नव्हतं.

"म्हंजे आमचं बघून खातंय पोर?" जनाबाईंनी विचारलं.

"का खातंय ते मला माहीत नाही. कधी खातंय ते हे आहे."

"चाळीस वर्सं आमी दातांनीच तोडताव, बाई. कातर घेत बसलं तर जाळं व्हायचं कदी?"

"उशिरा होईल."

"मग काय दात बांधू माझे?"

"दात राहू द्या. गळ्यात कातर बांधा."

शेडमधल्या सगळ्या बायकांच्या गळ्यात नाडीने कात्री लटकली. पहिले काही दिवस सवय जाईना. बाई रस्त्याच्या टोकाला दिसल्या की कोणीतरी ओरडायची, "मातीवाल्या बाई आल्या, दात झाका गो!" आणि शेडभर हशा व्हायचा. पण कात्र्या राहिल्या. जाळी खरंच उशिरा होऊ लागली. एका नाखव्याने, बोटीच्या मालकाने, कुरकुर केली, तेव्हा जनाबाईंनी त्याला सांगितलं की घाई असेल तर स्वतःच्या दातांनी शिव.

उपचाराचा दुसरा भाग देवाणघेवाणीचा होता. ओवीच्या हातातला दोरा ओढून घ्यायचा नाही. तिने तो आपण होऊन द्यायचा, आणि दिला की तिला तिच्या आवडीचं खाणं मिळणार. बिस्किटं, कुरमुरे, शेव, सगळं वाया गेलं. बाईंनी पुन्हा वही बघितली. ओवी दोरा नुसता चघळत नसे. एक टोक दातांत धरून दुसरं ओढत असे. तिला ताण हवा होता. बाईंनी आंबापोळी आणली आणि कात्रीने तिच्या लांब, बारीक पट्ट्या कापल्या. जनाबाई म्हणाल्या, "आता बाई आंब्याचं जाळं विणणार."

सुरुवातीला बाई स्वतः एक जाड, गिळता न येणारा दोरखंडाचा तुकडा ओवीसमोर ठेवत आणि तिच्या हाताखाली आपला उघडा तळवा धरत. तुकडा तळव्यात पडला, चुकून पडला तरी, बाई "दिलंस" म्हणत आणि पट्टी देत. शाब्बास नाही, टाळ्या नाहीत. रोज तेच, त्याच आवाजात. मग तळवा हातभर लांब. मग दोन पावलं. मग दुसऱ्याचा तळवा.

पाचव्या आठवड्यात मी शेडमध्ये होतो. दीपक समुद्रावरून आलेला, भिंतीला टेकून बसला होता. ओवी कोपऱ्यातून उठली. तिच्या चिमटीत हिरवा दोरा होता. ती बाईंकडे गेली नाही. बापासमोर जाऊन उभी राहिली. दीपकला काय करायचं कळेना.

"हात उघडा," बाई पलीकडून म्हणाल्या. "मुकाट्याने."

दीपकने हात उघडला. ओवीने दोरा त्याच्यावर ठेवला.

"दिलंस," दीपक म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं.

"रडू नका. तिला वाटेल काहीतरी चुकलं. पट्टी द्या."

त्या दिवसानंतर ओवी वेगळीच झाली. शेडमधला, गल्लीतला, बंदरावरचा दोरा वेचून आणून ती लोकांसमोर उभी राहू लागली. मासे विकणाऱ्या बायका, बर्फ फोडणारे, कोणीही. वाड्यातले लोक हसत. म्हणत, नगरपरिषदेने पोरीला कामावर घ्यावं. बाई हसत नव्हत्या. त्या घरोघर जाऊन एकच सांगत होत्या: ती दोरा घेऊन आली की हातातलं काम खाली ठेवायचं, हात उघडायचा. मोबदला हळूहळू कमी करायचा, पण तो मी सांगेन तेव्हा, मी सांगेन तितका. अजून वर्ष जाईल. "बरं दिसायला लागणं हा यातला सगळ्यात वाईट काळ," त्या मला म्हणाल्या. "इथे सगळे सोडून देतात."

हे वाक्य मी माझ्या लेखात घातलं होतं. अर्धं पान होतं, ओवीचा फोटो, जनाबाईंच्या गळ्यातली कात्री. उपचार अजून वर्षभर चालणार आहेत हे त्यात हवंच, अशी बाईंची एकमेव अट होती. मी ते शेवटच्या परिच्छेदात लिहिलं. महत्त्वाचं आधी, कापता येण्यासारखं शेवटी, असं आम्हाला शिकवलेलं असतं. पानावर ऐनवेळी जाहिरात आली आणि डेस्कने शेवटचा परिच्छेद कापला. छापून आलेल्या लेखाचा शेवट असा होता की ओवी आता दोरे खात नाही.

लेख वाड्यातल्या प्रत्येक मोबाइलवर फिरला. दीपकने त्याला प्लास्टिकचं आवरण करून घेऊन तो भिंतीवर लावला. केंद्राच्या त्या वेळच्या प्रमुखांनीही वाचला आणि बाईंना बोलावलं.

"मॅडम, पेपरात बरी आणि आपल्या फायलीत आजारी? कसं दिसतं ते?"

तिमाही अहवाल जायचा होता. ओवीच्या फायलीवर 'सुधारणा, बंद' असा शेरा पडला. तिच्यासाठी होणाऱ्या बाईंच्या शेडमधल्या भेटी थांबवण्यात आल्या. शेऱ्याखाली बाईंची सही आहे. ती मी पाहिली आहे. सरळ, स्वच्छ सही. नंतर त्यांनी मला सांगितलं की सही केली नसती तर आणखी तीन मुलांच्या घरभेटी त्याच दिवशी बंद झाल्या असत्या. "हे कारण आहे," त्या म्हणाल्या. "सबब म्हणून सांगत नाही."

दर रविवारी त्या आपल्या वेळेत वाड्यात जात राहिल्या. रविवारी ओवी एकही दोरा तोंडात घालत नव्हती. वहीत पानंच्या पानं कोरी. रविवारी शेडमध्ये काम नसे, हे बाईंना माहीत होतं. त्यांनी त्याचा अर्थ लावला नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना पाचवा रकाना दाखवणाऱ्या बाईंकडून तो त्या वेळी सुटला. हे मी म्हणत नाही, त्या म्हणाल्या.

मग मासेमारीबंदीचे दोन महिने आले. बोटी वर ओढल्या आणि सगळ्यांची जाळी एकदम शेडमध्ये आली. बाहेरून नव्या बायका रोजावर आल्या. त्यांना कात्र्यांचं कोणी सांगितलं नाही. जुन्यांनीही एकेक करून काढून ठेवल्या होत्या. पोर बरी झाली होती, पेपरात आलं होतं. आंबापोळी बंद झाली होती, कारण बऱ्या झालेल्या पोरीला कोण रोज गोड देतं? पुढचं मला जनाबाईंनी सांगितलं, जाळं मांडीवर घेऊन, माझ्याकडे न बघता.

"येत व्हती हो ती. दोरा घेऊन येत व्हती. माज्यासमोर उभी ऱ्हायली. मी म्हटलं, टाक तिकडं बाय. सुमनकडं गेली. सुमन म्हणली, पेपरात आलीस तरी खोड जात नाय काय गो तुजी? आमी सगळ्या हसलाव. मंग ती त्या नव्या बायांकडं गेली, त्या कशाला हात करतायत? एकेकीसमोर उभी ऱ्हायली. सगळ्यांच्या समोर. मंग कोपऱ्यात जाऊन बसली."

किती दिवस, ते त्यांना सांगता आलं नाही. कोणी लिहीत नव्हतं.

ओवीला कोल्हापूरला नेलं तेव्हा पोट फुगून टणक झालं होतं. आंबा घाटात तिने डोळे फिरवले, असं दीपक सांगतो. ती वाचली. आतड्याचा एक भाग कापून टाकावा लागला. सर्जननी सांगितलं की हे पोट दुसऱ्यांदा उघडता येणार नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात बाई माझ्या कार्यालयात आल्या. हातात लेखाचं कात्रण होतं. बसल्या नाहीत.

"उपचार वर्षभर चालणार, ते वाक्य कितवं होतं?"

"शेवटचं."

"पहिलं का नव्हतं?"

मी म्हणालो की पहिल्या वाक्यात बातमी असते. त्यांनी मान हलवली, जणू एखाद्या पालकाने अखेर खरं काय ते सांगितलं आहे, आणि कात्रण माझ्या टेबलावर ठेवून गेल्या. त्यांनी मला त्यापेक्षा जास्त कधी सुनावलं नाही. सुनावलं असतं तर बरं झालं असतं.

ओवीला घरी ठेवायचं नाही, हे दीपकने इस्पितळातच ठरवलं होतं. संगमेश्वरच्या आत डोंगराकडे विशेष मुलांचं एक वसतिगृह आहे. तिथे जागा मिळाली. बाई त्याच्या घरी गेल्या, आणखी सहा महिन्यांची मुदत मागत राहिल्या. मी दारात होतो.

"मॅडम," दीपक म्हणाला, "तुमचा हात उघडा असायचा. आमचा नाय ऱ्हायला. पुढच्या वर्सी परत जाळी येणार, परत नव्या बाया येणार. मी बोटीच्या कामावर. आई म्हातारी. कोण हात उघडून बसणार?"

"मी येते."

"तुमी रविवारच्या येणार. पोर सोमवारी मरंल."

तो बरोबर बोलत होता. आतल्या खोलीत जनाबाई भिंतीवरचा लेख नखाने सोडवत होत्या. चिकटपट्टीबरोबर रंगाचा पोपडा निघून आला.

पुढच्या मार्चमध्ये बाईंचं पत्र निघालं नाही. कारण लिहिलेलं नव्हतं. नव्याने न निघणाऱ्या पत्राला कारण लागत नाही. त्यांच्या जागी आलेल्या व्यक्तीकडे आता वही नाही, संगणकावर भरायचा तक्ता आहे. त्यात पाच रकाने आहेत. 'आधी काय झालं' हा त्यांतला नाही. बाई आता नाचणे रस्त्यावर एका भाड्याच्या खोलीत शिकवणी घेतात, गणिताची. कोणी आई अजूनही पत्ता शोधत मूल घेऊन येते, तेव्हा त्या तिला आधी रक्त तपासायला पाठवतात.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या वसतिगृहात. देवरुखला माझं काम होतं, म्हणून त्या माझ्या गाडीतून आल्या. भेटीची वेळ रविवारी तीन ते चार. नातेवाईकांनाच भेटता येतं. दीपकने त्यांचं नाव मावशी म्हणून लावलं होतं.

व्हरांड्यात सतरंजीवर ओवी बसली होती. अंगाने भरली होती, केस कापलेले, फ्रॉक स्वच्छ. दोन्ही हातांवर जाड कापडाच्या पिशव्या होत्या, मनगटाशी नाडीने बांधलेल्या. तिथल्या सेविकेने माझ्याकडे बघून आपण होऊनच सांगितलं, "आम्ही चौघी आहोत, मुलं तीस. मोकळं ठेवलं तर ही सतरंजीचे धागे काढते. तिच्या पोटाचं तुम्हाला माहीत आहेच." तिच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं. "भेटीला आलेले सोडू शकतात. पण जो सोडेल त्यानेच बांधून जायचं, असा नियम आहे. नाहीतर राहून जातं."

बाईंनी खाली बसून पिशव्या सोडल्या. ओवीची बोटं घामाने पांढरी आणि सुरकुतलेली होती, फार वेळ पाण्यात राहिल्यासारखी. बाईंनी ती आपल्या पदराने कोरडी केली. त्यानंतर तासभर दोघी समोरासमोर बसल्या. बाईंचे डोळे ओवीच्या हातांवरून हलले नाहीत. ओवीने एकही धागा ओढला नाही. तिने हात मांडीवर उताणे ठेवले होते आणि ती त्या हातांकडे, कोणीतरी तिथे विसरून गेलेल्या वस्तूकडे बघावं तशी बघत होती.

आत कुठेतरी चारची घंटा झाली. बाई जागेवरून हलल्या नाहीत. तेव्हा ओवीनेच दोन्ही मनगटं एकत्र जुळवली आणि बाईंच्या पुढे केली.

"बघा मॅडम," सेविका म्हणाली. "आता आपणहून पुढे करते. किती शहाणी झाली की नाही?"

"हो," बाई म्हणाल्या.

त्यांनी एक पिशवी चढवली, नाडी बांधली, गाठीत बोट घालून ती घट्ट नाही ना ते बघितलं. मग दुसरी. ओवी उठली आणि सेविकेच्या मागून आत गेली. बाई सतरंजीवर बसून राहिल्या. मी गाडी काढायला निघालो, तेव्हा त्या गुडघे टेकून, सतरंजीच्या कडेचे सुटलेले धागे एकेक करून खुडत होत्या.